भिंतोबाने मोडलेली किल्ली

ऑफिसात त्याला भिंतोबा म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. कोणी नवा आराखडा घेऊन आलं, फळ्यावर चौकोन काढले, बाण मारले, की हा गृहस्थ मागच्या खुर्चीवर बसून शेवटपर्यंत गुपचूप ऐकणार आणि सगळं आटोपल्यावर एकच प्रश्न विचारणार, "बाकी ठीक आहे. पण भिंत कुठे आहे?" झालं. चौकोन काढणाऱ्याचा चेहरा उतरायचा आणि फळा पुसायला घ्यावा लागायचा.

आता ही भिंत म्हणजे काय ते सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडायला नको. भिंतोबाची कंपनी लहान लहान दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. दातांचे दवाखाने, डोळ्यांचे, पाठदुखीचे, बोलण्याचे उपचार करणारे. पेशंट कधी आला, त्याला काय होतंय, औषध काय दिलं, पुन्हा कधी बोलावलं, हे सगळं त्यात ठेवायचं. प्रत्येक दवाखान्याला वेगळं बांधून देत बसलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून एकच मोठं बांधायचं आणि सगळ्यांना त्यात राहायला जागा द्यायची. इमारतीत असतं ना, पाण्याची टाकी एक, जिना एक, खोल्या तेवढ्या वेगळ्या, तसं. फरक इतकाच की इमारतीतली भिंत डोळ्यांना दिसते, इथली दिसत नाही. सगळ्या दवाखान्यांच्या नोंदी एकाच ढिगात पडलेल्या असतात आणि प्रत्येक नोंदीवर ती कोणाची याची खूण असते. ती खूण बघायला कोणी विसरलं, की डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाईंना दातांच्या दवाखान्यातल्या माणसाची सगळी हकीकत दिसलीच म्हणून समजा. क्लाउड क्लाउड म्हणत लोक वर आकाशाकडे बघतात. असतात ते कोणाच्या तरी गोदामातले भाड्याने घेतलेले कॉम्प्युटर, आणि त्यात एकमेकांची तोंडंही न पाहिलेल्या माणसांची दुखणी शेजारी शेजारी झोपलेली असतात. त्यांच्यामध्ये भिंत घालणं हे भिंतोबाचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

घरी मात्र भिंतोबाचा ठोंब्या व्हायचा. हे नाव त्याच्या ताईने ठेवलेलं. आई लवकर गेली, तेव्हा ताईच्याच हातचं खाऊन तो मोठा झाला. ताई शिवणकाम करायची. मशीनच्या घरघरीवर बोलून बोलून तिचा आवाज असा दणदणीत झाला होता, की ती हळू बोलली तरी शेजारच्यांना बातमी कळायची. पुढे तिचे यजमान अकाली गेले, तेव्हा तिने त्याच मशीनवर मुलीला वाढवलं. भाऊ सॉफ्टवेअरचा एवढा मोठा आर्किटेक्ट झाला, मोठमोठे लोक त्याला आराखडे विचारायला लागले, तरी रोज संध्याकाळी ताईचा फोन यायचा आणि सुरुवात ठरलेली असायची. "ठोंब्या, जेवलास का?" संध्याकाळी कोण जेवतं, असं हा म्हणायचा. मग घरभरच्या गप्पा, कुणाच्या ब्लाउजचं माप चुकलं, कोण गिऱ्हाईक वाद घालून गेलं, आणि मध्येच, फोन तिनेच केलेला असला तरी, "बरं, फोन ठेव आता. मला कामं आहेत." हा काही बोलायच्या आत फोन बंद. त्याला कधी राग आला नाही. उलट तेवढं ऐकल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटायचा नाही.

भिंतीचं वेड त्याला पहिल्यापासून नव्हतं. ते एका मुलीमुळे लागलं. कंपनी नवीन होती, सगळं घाईत चाललं होतं आणि दवाखान्यांचे फोन घेणाऱ्या माणसांना कोणाचीही फाइल उघडता येत होती. त्यांतल्या एकाने, त्याच्या भावाचं जिच्याशी लग्न ठरलं होतं, तिची फाइल शोधून वाचली. मनाच्या दुखण्यावर ती उपचार घेत होती. लग्न मोडलं. मग एक दिवस ती मुलगी ऑफिसात आली आणि रिसेप्शनच्या खुर्चीत पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. तिच्याशी कोणी बोलायला धजेना, म्हणून भिंतोबा गेला. ती ओरडली नाही की रडली नाही. "मी डॉक्टरांना सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला कोणी सांगितलं?" फाइल वाचणाऱ्याला काढून टाकलं, माफीही मागितली, पण तो प्रश्न भिंतोबाच्या मागे लागला तो लागलाच.

त्यानंतर त्याने सगळी इमारत नव्याने मांडली. प्रत्येक दवाखान्याला त्याची वेगळी किल्ली. त्या किल्लीशिवाय त्याच्या नोंदी बघितल्या तर नुसता अक्षरांचा चिखल दिसावा, मग बघणारा चोर असो, शेजारचा दवाखाना असो नाहीतर कंपनीतलाच कोणी असो. आणि दवाखाना सोडून जायचा असेल तर? इथेच खरी गंमत होती. एवढ्या नोंदी, त्यांच्या प्रती, त्या प्रतींच्या प्रती कुठे कुठे शोधून पुसणार? त्यापेक्षा किल्लीच मोडून टाकायची. एकदा किल्ली मोडली, की जगात त्या नोंदी कुठेही पडल्या असल्या तरी त्यांचा चिखलच राहणार.

या किल्ल्या सांभाळायचं काम ज्याच्याकडे होतं त्याला सगळे किल्लेदार म्हणत. पोट सुटलेला, सावकाश चालणारा, भिंतोबाच्या बरोबरीचा माणूस. दोघांचं जमायचं, पण या एका गोष्टीवरून चांगलीच जुंपली.

"लगेच मोडू नकोस," किल्लेदार म्हणाला. "अरे, माणसं चुकतात, घाई करतात. थोडे महिने एक किल्ली बाजूला ठेवू. मग मोडू."

"ठेवलेली किल्ली कोणीतरी, कधीतरी वापरतंच."

"मी वापरेन असं वाटतं तुला?"

"तू नाही वापरणार. तुझ्यानंतर तुझ्या खुर्चीत कोण बसेल त्याची हमी देतोस?"

किल्लेदाराने हात वर केले. दवाखान्याच्या मालकाने दोनदा हो म्हटलं, स्वतःच्या दवाखान्याचं नाव स्वतःच्या हाताने टाइप केलं, की किल्ली तत्काळ मोडणार, असं ठरलं. दवाखानेवाले खूश झाले. भिंतोबा स्वतः त्यांना शिकवायला जायचा आणि शेवटी नेहमीचं वाक्य टाकायचा, "जाताना खोली झाडून जा. पेशंटचं काही मागे ठेवू नका." लोक माना डोलवायचे.

अशात ताईचं बोलणं जड झालं. फोनवर त्याला वाटलं, टाचण्या तोंडात धरून बोलतेय. ती तशी सवयच होती तिची. "टाचण्या काढ आधी तोंडातल्या," तो हसत म्हणाला. पलीकडे ताई जरा थांबली आणि म्हणाली, "तोंडात काही नाहीये रे."

मग तपासण्या झाल्या. नसांचं दुखणं होतं. आधी जीभ, मग घसा, मग हात जाणार होते, आणि त्यावर औषध नव्हतं. डॉक्टर भले होते, त्यांनी एक गोष्ट सुचवली. आवाज आहे तोवर साठवून ठेवा, म्हणाले, पुढे बोलता येईनासं झालं की त्यातून मशीन बनवता येतं आणि ते यांच्याच आवाजात बोलतं. भिंतोबाने त्याच दिवशी बोलण्याचे उपचार करणारा दवाखाना शोधला. दवाखाने बरेच होते, पण त्याने आपलं सॉफ्टवेअर वापरणारा निवडला. दवाखाना म्हणजे जिन्याखालच्या दोन खोल्या, एक बाहेर बसायची आणि एक आत रेकॉर्डिंगची, आणि चालवणाऱ्या एक वयस्कर मॅडम. ताईला घेऊन भाची जायची. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची, दुपारची सुट्टी मिळायची तिला. मामाला कुठली मिळायला? मामाला मीटिंगा होत्या. तो ताईबरोबर एकदाही गेला नाही, आणि ते त्याला पुढे फार लागलं.

एका रविवारी मात्र ताईकडे बसला असताना त्याने मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "ताई, तुझा आवाज माझ्या भिंतीआड आहे बरं का. कोणी हात लावू शकत नाही त्याला."

ताईला एकेक शब्द आता ओढून काढावा लागायचा. "तूसुद्धा नाही?"

"मीसुद्धा नाही."

ताई हसली. हसण्याला तेवढं अजून काही झालं नव्हतं. "मग काय उपयोग तुझा, ठोंब्या?"

भाचीसुद्धा हसली, हाही हसला. मशीन बनायच्या आधीच ताईला छातीत कफ झाला, गिळता येईना, आणि बघता बघता ती गेली. मॅडमकडे रेकॉर्डिंगचं काम नुकतंच पुरं झालं होतं.

ती गेल्यावर एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. घरात फोटोंचा नि व्हिडिओंचा ढीग होता आणि ताई त्यात जवळजवळ नव्हतीच. फोन कायम तिच्याच हातात असायचा ना, सगळ्यांना ओळीत उभं करणारी तीच. व्हिडिओत बाकीचे दिसायचे आणि कुठूनतरी मागून नुसतं "जरा सरका" ऐकू यायचं. मेसेजमध्ये आवाज पाठवायचा तिला कंटाळा, ती थेट फोन करणारी बाई. म्हणजे तिचा धड, पुरता, गप्पा मारणारा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता.

"आत्ता नको, मामा," भाची म्हणाली. "माझ्याने ऐकवणार नाही."

"घाई कसली? सुरक्षित आहे तो. माझ्याकडेच आहे असं समज."

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण भिंतोबा ते पुढे कधी विसरला नाही. सुरक्षित म्हणजे कोणी चोरणार नाही एवढंच त्याच्या धंद्यात धरतात. राहील, असा त्याचा अर्थ होत नाही, हे त्या घटकेला त्याच्या डोक्यातही आलं नाही.

वर्ष होत आलं आणि एका संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मामा, आता ऐकेन म्हणते. आईचा आवाज आठवायला बसले आणि धड आठवेना. दुकानातल्या बाईंचाच आवाज मध्ये मध्ये येतो. भीती वाटली मला. घेऊन येशील?"

"उद्याच आणतो," भिंतोबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा फोन कोणी उचलेना, म्हणून मीटिंग टाकून तो स्वतः गेला. जिन्याखालच्या दाराशी रंगाचे डबे होते. आत रंगारी शिडीवर उभा राहून भिंतीला पांढरा हात देत होता. रेकॉर्डिंगच्या खोलीतला जाड फोम उपटून कोपऱ्यात टाकला होता.

"मॅडम?" भिंतोबाने विचारलं.

"त्या गेल्या ना, दवाखाना बंद केला," रंगारी ब्रश न थांबवता म्हणाला. "इथे आता झेरॉक्सचं दुकान येतंय. समोर विचारा, त्यांच्याकडे नंबर असेल."

समोरच्या चष्मेवाल्याने नंबर दिला. भिंतोबाने तिथेच फुटपाथवर उभ्याउभ्या फोन लावला. मॅडम मुलाच्या घरी होत्या, सामान लावत होत्या. ताईचं नाव निघताच त्यांचा आवाज मऊ झाला.

"तुम्ही भाऊ का त्यांचे? तुमच्याबद्दल फार बोलायच्या. अहो, मी फोन केला होता दवाखाना बंद करायच्या आधी. पुन्हा पुन्हा केला. नंबर बंद लागला."

"कुठला नंबर, मॅडम?"

"फाइलमध्ये होता तो."

फाइलमध्ये एकच नंबर होता, पेशंटचा. ताईचा. तो फोन भाचीच्या कपाटात बंद पडून होता. नोंदीत पेशंटच्या नंबरासाठी एकच रकाना ठेवायचा, हे कोणी ठरवलं होतं ते भिंतोबाला कोणी सांगायला नको होतं.

"मग?" त्याने विचारलं.

"ज्यांचे उपचार चालू होते त्यांचं सगळं दुसऱ्या दवाखान्याकडे पाठवलं. आणि जे गेले..." मॅडम अडखळल्या. "गेलेल्या माणसांचं उगाच कोणाच्या हाती लागू नये असं वाटलं मला. तुमच्या कंपनीचे एक जण शिकवायला आले होते फार पूर्वी. ते म्हणाले होते, जाताना खोली झाडून जा. तसं सगळं पुसून मगच दार लावलं मी. काही चुकलं का माझं?"

"नाही," भिंतोबा म्हणाला. "तुम्ही बरोबर केलंत."

ऑफिसकडे येताना मात्र त्याच्या मनात एक चोरटी आशा उभी राहिली. सॉफ्टवेअर आहे, त्यात काय काय बिघडतं. मोडायची किल्ली कधी रांगेत अडकून पडते. कधी निरोप पोहोचतच नाही. आयुष्यभर ज्या माणसाने डोळ्यात तेल घालून असल्या चुका पकडल्या, त्याला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपलं काम बिघडलेलं असावं. कुठेतरी एखादा आळशी माणूस, एखादी राहून गेलेली ओळ, काहीही. जिना चढता चढता तो मनातल्या मनात विनवण्या करत होता, आणि कोणाला करत होता हे त्यालाही सांगता आलं नसतं.

किल्लेदार टेबलाशी डबा उघडून बसला होता. भिंतोबाने दवाखान्याचं नाव सांगितलं आणि का ते सांगितलं. किल्लेदाराने डबा बाजूला सारला, हात पुसले आणि बघायला घेतलं. त्याला एरवी प्रत्येक गोष्टीला वेळ लागायचा. हे लगेच सापडलं.

"मोडली आहे," तो म्हणाला. "मागच्या महिन्यात. बाईंनी हो म्हटल्याबरोबर."

"नीट मोडली?"

"तूच बांधलंयस."

भिंतोबा खुर्चीत बसला. "आणि रेकॉर्डिंग?"

"ती आहेत. जुन्या प्रतींमध्ये पडलेली आहेत, अजून काही महिने राहतील. हे बघ, इथे." पडद्यावर एकाखाली एक फाइली होत्या, आणि एकीतही अर्थ लागेल असं अक्षर नव्हतं. ताईचा सगळा आवाज तिथे होता. तो उघडेल असं पृथ्वीवर कोणी नव्हतं.

किल्लेदाराने ती यादी बंद केली. मग भिंतोबाच म्हणाला, "बोल की."

"काय बोलू?"

"तेच. किल्ली बाजूला ठेवायला सांगितली होती म्हणून."

"नाही बोलत," किल्लेदार म्हणाला, आणि उठून त्याने दार लावून घेतलं, कारण भिंतोबा रडायला लागला होता. डबा तसाच उघडा राहिला.

संध्याकाळी भिंतोबा औषधांच्या दुकानात गेला. गिऱ्हाईक होतं, म्हणून खोकल्याच्या बाटल्यांच्या कपाटाशी उभा राहिला. भाचीने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. गिऱ्हाईक गेल्यावर काउंटरची फळी उचलून ती बाहेर आली.

"नाहीये?" तिने विचारलं.

"आहे. पण उघडत नाही."

"तुला उघडत नाही, का कोणालाच?"

"कोणालाच."

"तू बनवलंस ना ते?"

"म्हणूनच," तो म्हणाला, आणि मग त्याने सगळं सांगितलं. मॅडमचं, नंबराचं, किल्लीचं, किल्लेदाराशी घातलेल्या वादाचंसुद्धा. काही लपवलं नाही. "मी तुला म्हणालो होतो, माझ्याकडेच आहे असं समज. मी शब्द दिला होता तुला."

तिने त्याला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. भाचीने काउंटरवरची गोळ्यांची पट्टी उगाचच सरळ केली, पुन्हा वाकडी केली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"मी बाहेरच्या खोलीत बसायचे ना," ती म्हणाली. "ती भिंत पातळ होती. आतलं सगळं ऐकू यायचं. आधी मॅडम वाचायला देतील ती वाक्यं बोलायची. 'आज हवा छान आहे.' 'मला पाणी हवंय.' मग एकदा त्या म्हणाल्या, आता तुम्ही घरी रोज जे बोलता ते बोला. कोणाला काय म्हणता रोज?" तिला हसू आलं नि हुंदकाही आला. "आईने पहिलं तुझंच घेतलं. ठोंब्या, जेवलास का. मग मध्ये थांबली आणि ते दुसरं म्हणाली. फोन ठेव आता, मला कामं आहेत. मॅडम म्हणाल्या, हे पुन्हा घेऊ, हसू आलंय यात. आई म्हणाली, राहू द्या, त्याला कळेल."

भिंतोबाने कपाटाच्या काचेला हात टेकला. दुकानात कोणीतरी आलं, डोकेदुखीची गोळी मागून गेलं. भाचीने डोळे पुसून ती दिली.

"ते अजून तिथे आहे म्हणालास ना?" तिने विचारलं. "किती दिवस?"

"जुन्या प्रती पुसेपर्यंत. नंतर जाईल."

"गेलं की मला सांग."

"कशाला?"

"सांग तू," ती म्हणाली.

पुढे ऑफिसात बैठक झाली. किल्लेदाराने जुनाच मुद्दा पुन्हा मांडला, किल्ली काही महिने बाजूला ठेवायची. सगळ्यांना वाटलं, आता भिंतोबा मान्य करणार, त्याच्याच घरी आग लागली आहे. भिंतोबाचेही शब्द ओठांवर आले होते. पण त्याला पर्स मांडीवर धरून बसलेली ती मुलगी आठवली, आणि तो नाही म्हणाला. किल्ली ठेवायची नाही. मग तो उठला, फळ्याशी गेला आणि आपल्याच जुन्या आराखड्यासमोर उभा राहिला. दवाखान्याचा चौकोन होता, डॉक्टरांचा होता, नोंदींचा होता. ज्याचं दुखणं त्याचा चौकोन कुठेच नव्हता. इतकी वर्षं सगळ्यांना भिंत कुठे म्हणून छळणाऱ्या माणसाने पेशंटला दार कुठे, हे एकदाही विचारलं नव्हतं. त्याने एक नवा चौकोन काढला आणि त्यात लिहिलं, घरचं माणूस. दवाखाना सोडून जायचा असेल तर किल्ली मोडायच्या आधी घरच्या माणसाला कळवायचं, त्याला त्याचं त्याचं घेऊन जाऊ द्यायचं, आणि त्याच्यापर्यंत पोहोचलो नाही तर मोडायचं थांबायचं, पण तोवर ती किल्ली कंपनीत कोणालाच वापरता येऊ द्यायची नाही. कोणी हरकत घेतली नाही. मागच्या खुर्चीवरून या खेपेला कोणी काही विचारलंही नाही, कारण ती खुर्ची रिकामी होती.

ते काम झालं आणि चाललंही. नंतर दवाखाने बंद झाले तेव्हा लोकांनी आपल्या माणसांची फाइल, फोटो, जे असेल ते नेलं. त्यांतल्या कोणाला हे दार का निघालं ते माहीत नाही, आणि माहीत असायचं कारणही नाही.

एका दुपारी भिंतोबाला ऑफिसच्या यंत्राचा निरोप आला. असे निरोप रोज येतात, कोणी वाचत नाही. जुन्या प्रती पुसल्या, जागा मोकळी झाली. त्याने तो दोनदा वाचला. मग जिन्यात आला, कारण टेबलाशी बसून बोलता आलं नसतं, आणि भाचीला फोन लावला.

"बोल, मामा."

त्याने फोन दुसऱ्या कानाला धरला. दुकानात मागे कोणीतरी मलमाची चौकशी करत होतं. भाचीने त्या माणसाला थांबायला सांगितलं.

"आज?" तिने विचारलं.

"आत्ताच."

तिच्या श्वासाचा आवाज त्याला ऐकू येत होता. मग तिने विचारलं, "जेवलास का?"

"जेवलो."

"बरं," भाची म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता आणि त्यात थोडं हसूही होतं. "फोन ठेव आता. मला कामं आहेत."

तिने फोन ठेवला. भिंतोबा तो बंद फोन कानाला धरून जिन्यातच उभा राहिला. वरून कोणीतरी त्याला मीटिंगला हाक मारत होतं.